शिवून ठेवलेलं प्रकरण

आमच्याकडे आवाजबाईंना ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही, आणि त्या नोकरीत असताना त्यांना डोळ्यांनी पाहिलेला माणूसही सहजी मिळायचा नाही. बाई बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या. वरच्या मजल्यावर खोली, खिडकीची काच धुरकट, पुढ्यात माइक. खाली फलाटांवर त्यांचा आवाज तेवढा उतरायचा, बाई स्वतः मागच्या जिन्याने घरी जायच्या. त्यामुळे बाजारात मोठी गंमत व्हायची. एकदा मी भाजीच्या गाड्यापाशी उभा होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "वांगी कशी दिली?" बस, एवढंच. तर आमच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनी दचकून पिशव्या उचलल्या, आणि त्यातला एक तर पळायलाही लागला. भाजीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही जरा हळू बोलत जा हो. माझी गिऱ्हाइकं गावाला निघून जातात." मी इतका हसलो की माझ्या पिशवीतले कांदे रस्त्यावर गेले. ते गोळा करताना आमची ओळख झाली आणि ती आजवर टिकली.

बाईंचं लग्न या आवाजानेच जमवलं. त्यांचे यजमान चित्रकलेचे मास्तर. शाळा पलीकडच्या गावी, रोजचं जाणं-येणं. पण ज्या गाडीने जायचं ती पुकारली जायला लागली की हा गृहस्थ बाकावर डोळे मिटून ऐकत बसायचा आणि गाडी डोळ्यांदेखत, म्हणजे मिटल्या डोळ्यांदेखत, निघून जायची. हेडमास्तरांनी एकदा धारेवर धरलं. "रोज गाडी कशी चुकते? पुकारत नाहीत का?" मास्तर म्हणाले, "पुकारतात ना. म्हणूनच चुकते." शेवटी ते मागच्या जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले आणि पुढचं सगळं रीतसर झालं.

मूलबाळ नव्हतं. बाईंच्या भावाचा मुलगा, म्हणजे भाचा, त्यांच्याकडे वाढला आणि पुढे त्याच स्थानकात यंत्रं सांभाळायला लागला. मग मास्तरांची नजर गेली. एकदम नाही गेली, कडेकडेने गेली. आधी फळ्याचे कोपरे गेले, मग मागच्या बाकावरची मुलं, मग सगळंच. तेव्हापासून बाई घरात सारख्या बोलत असायच्या. "दूध वर येतंय." "पायरीवर मांजर बसलंय, उजवीकडून या." "समोरच्यांनी हिरवी चादर वाळत घातलीय, मधे भोक आहे." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई किती बडबड करते. पण ती बडबड नव्हती. मास्तरांसमोर त्या घर मांडत होत्या, रोज नव्याने, भिंत भिंत, भांडं भांडं.

निवृत्तीच्या आधी स्थानकात नवीन यंत्र आलं. बाईंना भिंतींना कापूस लावलेल्या एका बंद खोलीत बसवलं आणि त्यांच्याकडून सगळे शब्द वेगवेगळे म्हणवून घेतले. गावांची नावं, आकडे, 'येथे जाणारी', 'फलाट क्रमांक', 'प्रवाशांनी कृपया'. यंत्र ते तुकडे जोडून वाक्य करतं. बोलण्याआधी बाईंना बारीकसं "हं" करून घसा साफ करायची सवय होती. ते सगळे 'हं' भाच्याने एकेक करून कापून टाकले. बाई निवृत्त झाल्या, आवाज नोकरीवर राहिला. त्या मला म्हणायच्या, "ती खालची माझ्यापेक्षा तरुण आहे, आजोबा. तिला खोकला होत नाही, तिची रजा नाही. मला तर कधी कधी वाटतं, ती खरी आणि मी तिची सुट्टीवरची बाई."

हे हसत म्हणायच्या. तेव्हा मीही हसायचो.

आता आमच्या वाचनमंडळाबद्दल सांगतो, नाहीतर गाडी भलतीकडेच जायची. स्थानकाच्या वर, बाईंच्या जुन्या खोलीला लागून, पार्सलची एक रिकामी खोली आहे. भाच्याने किल्ली मिळवली आणि आम्ही रविवारी दुपारी तिथे जमायला लागलो. पाच जण. आवाजबाई, मास्तर, दातांचे डॉक्टर, मी आणि माझी नात. आम्ही दोघं तिच्या गावाहून गाडीने येतो. नात सहावीत, पण मंडळाचा खरा कारभार तिचाच. पुस्तकाची प्रत एकच. मास्तरांना दिसत नाही आणि माझा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत असतो, म्हणून बाईंनी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मला ही पद्धत घरच्यासारखी वाटली. आमच्या खेड्यातल्या शाळेत अख्ख्या वर्गाला मिळून एकच पुस्तक होतं आणि त्याची शेवटची पानं गुरुजींच्या शेळीने खाल्लेली होती. त्यामुळे शेवटची गोष्ट अर्ध्यावर यायची, गुरुजी पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "सांगा, पुढे काय झालं असेल?" शेळीचं पोट भरलं आणि आम्हाला डोकं चालवायला मिळालं. ही रीत मी मंडळात आणली. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, प्रत्येकाने आपला शेवट सांगायचा, मगच पुढे जायचं.

नातीने पहिल्यांदा आणलं ते मुलांचं पुस्तक, 'धुक्याचं ठाणं'. डॉक्टरांनी नाक मुरडलं, पण ऐकायला लागल्यावर त्यांचाच चहा गार व्हायला लागला. गोष्ट अशी. धुक्यात एक ठाणं आहे. वाट चुकलेली माणसं तिथे बाकांवर बसून असतात. गाड्या समोर उभ्या असतात, पण कुणीतरी पुकारल्याशिवाय एकही सुटत नाही. आणि ठाण्याचा रखवालदार, कंदीलवाला, तो मुका. ठिणगी नावाच्या मुलीचा धाकटा भाऊ तिथे अडकतो. ठिणगी आपला आवाज कंदीलवाल्याला उसना देते. तो आवाज कंदिलात जाऊन बसतो, भावाची गाडी पुकारतो, भाऊ घरी जातो. ठिणगी मात्र बाकावर राहते, मुकी. इथे पहिला भाग संपतो.

हा शेवट आम्हाला आधीच कळला होता, कारण डॉक्टरांनी पुस्तक घरी नेऊन चोरून वाचलं आणि एका पेशंटचं तोंड उघडं असताना त्याला सांगून टाकलं. तो पेशंट माझा जावई निघाला. म्हणून दुसरा भाग आला तेव्हा नातीने फर्मान काढलं, शेवटचं प्रकरण शिवून टाकायचं. आणि शिवायचं डॉक्टरांनीच. हिरड्या शिवायचा त्यांचा काळा दोरा, वाकडी सुई आणि गाठ अशी, की ती फक्त त्यांनाच येते. ते बिचारे पानांच्या कडा शिवत बसले होते आणि नात शेजारी उभी राहून म्हणत होती, "डॉक्टरकाका, वाचायचं नाही. नुसतं शिवायचं."

दुसऱ्या भागाचं नाव 'दुसरी हाक'. मंडळात दोन तट पडले. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या भागात जादूला नियम होते. यात नुसतं धुकं. दुसरा भाग म्हणजे दाढ काढल्यावर आत राहिलेलं मूळ. दुखतं, पण चावता येत नाही."

नात म्हणाली, "लढाई नाहीये म्हणून तुम्हाला आवडत नाहीये."

"तुला आवडतोय?"

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "म्हणजे चांगला आहे."

मास्तर म्हणाले, "या लेखकाने एकाही माणसाचा चेहरा सांगितलेला नाही, लक्षात आलं का कुणाच्या? सगळे नुसते आवाज आणि पावलं. मी पहिल्यांदाच एखाद्या पुस्तकात तुमच्या सगळ्यांच्या बरोबरीने चालतोय."

यात ठिणगी अजून बाकावरच आहे. तिचा आवाज कंदिलात राहून मोठा झालाय, तिच्यापेक्षा शहाणा झालाय. तिला घरी जायचं तर दोन वाटा. आवाज परत घेऊन जायचं, मग मागे राहिलेल्या माणसांना पुकारणारं कुणी उरत नाही. किंवा आवाज तिथेच ठेवून मुकीने घरी जायचं. अख्खा भाग ती यावरच अडून बसलेली.

हे वाचन चालू होतं ते थंडीचे दिवस होते. आमच्याकडे थंडीत नदीकडून धुकं येतं आणि दुपार कलायच्या आत स्थानक गिळून टाकतं. पार्सलच्या खोलीच्या खिडकीबाहेरच कर्णा आहे. आत बाई वाचायच्या, "आणि कंदिलातून हाक आली." बाहेर कर्ण्यातून हाक यायची. तोच आवाज. आतला म्हातारा, बाहेरचा तरुण. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. नंतर कुणी हसेना. कारण कर्णा बाईंच्या वाक्याच्या मधे कधीच तोंड घालत नव्हता. बाई थांबल्या की तो बोलायचा, तो थांबला की बाई. दोन शेजारणी कुंपणावर बोलत उभ्या असाव्यात तसं.

एका रविवारी बाई वाचता वाचता थांबल्या. घसा बसला होता, हल्ली बसायचाच. मास्तरांनी नेहमीसारखी पाण्याची बाटली पुढे केली. बाईंचा 'हं' ऐकू आला की त्यांचा हात आपोआप बाटलीकडे जायचा. तेवढ्यात कर्णा बोलला.

"येथे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे."

कुठे, ते नाही. गावाच्या नावाच्या जागी नुसती शांतता, नावाएवढीच लांब. मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली धुक्यात बाकांवरची सगळी माणसं उभी राहिली होती. बाया, बापये, बॅगा घेतलेली पोरं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळे फलाटाकडे तोंड करून उभे, आणि फलाट मोकळा. थोड्या वेळाने ते एकेक करून खाली बसले. एक म्हातारा तेवढा उभाच राहिला. मग तो धुक्यात पुढे गेला, आणि मी चष्मा पुसून परत पाहीपर्यंत दिसेनासा झाला. चष्मा त्या दिवशी माझ्या नाकावर होता, हे मुद्दाम सांगतो.

भाचा वर आला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठलं. "काय रे, हे काय चाललंय?"

"दमट हवा आहे, आजोबा. एखादा शब्द गळतो."

"नेमकं गावाचं नाव गळतं?"

मी पुढचं काही विचारलंही नव्हतं, तो पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आजोबा, आत्याच्या घशात गाठ आहे. स्वरयंत्रासकट काढावी लागेल म्हणतात. काढली तर आवाज कायमचा जाईल. नाही काढली तर आत्या जाईल. मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या सोमवारपर्यंत विचार करून सांगा म्हटलंय. ती नाही म्हणतेय."

"मास्तर काय म्हणतात?"

"त्यांना कळलं तर जन्मात माझं तोंड बघणार नाही म्हणाली. तिचं म्हणणं, त्यांना दिसत नाही, मला बोलता यायचं नाही, मग एका घरात आम्ही दोघं एकमेकांना सापडणार कसे? त्यापेक्षा शेवटपर्यंत बोलत राहीन, म्हणते."

आयुष्यभर तोंडाची टकळी चालवलेला माणूस मी, पण त्या जिन्यात माझी बोलती बंद झाली. घरी येताना नात म्हणाली, "आजोबा, तू आज गोष्ट नाही सांगितलीस." मी म्हटलं, "धुकं तोंडात गेलं."

पुढचा रविवार निकालाचा. म्हणजे आमच्या मंडळाचा. सोमवार बाईंचा. ते जाणणारे खोलीत, माझ्या समजुतीने, आम्ही दोघंच, बाई आणि मी, आणि मला ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं. धुकं इतकं, की खिडकीतून कर्णाही दिसत नव्हता. शिवलेलं पुस्तक टेबलावर मधोमध. बाईंनी शिवणीपर्यंतचं शेवटचं पान वाचलं. ठिणगी कंदिलासमोर उभी आहे, गाडी तयार आहे, आणि कंदील काय म्हणेल याची ती वाट बघतेय. बाईंनी पुस्तक मिटलं.

डॉक्टर म्हणाले, "माझं सरळ आहे. आवाज घ्यावा आणि जावं. आपली वस्तू दुसऱ्याकडे ठेवू नये. माझी एक पक्कड मी एका मित्राला दिली होती..."

"काका, पक्कड नको," नात म्हणाली. "मी सांगते. तिने आवाज घ्यायचा, पण जायच्या आधी बाकांवरच्या सगळ्यांना आपापलं नाव पुकारायला शिकवायचं."

"आणि ज्यांना नाव आठवत नाही?" मास्तरांनी विचारलं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "आमच्या शाळेमागे एक विहीर होती. तिच्यात वाकून हाक मारली की हाक परत यायची. आम्ही मधल्या सुट्टीत रांग लावायचो. एकदा माझा नंबर आला. मी वाकलो, तोंड उघडलं, आणि मी हाक मारायच्या आधीच विहिरीतून माझी हाक आली. माझ्याच आवाजात. मी जो पळालो, तो थेट घरच्या पडवीत. पाटी तिकडेच, टोपी तिकडेच. माझा तो एक आवाज अजून त्या विहिरीत असणार. असू दे की! माझं काही अडलं नाही. म्हणून म्हणतो, आवाज राहिला तर राहू दे, माणूस पळाला पाहिजे."

एरवी माझ्या विहिरीला टाळ्या पडतात. त्या दिवशी बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. माझ्या पोटातलं त्यांनी वाचलं की काय, असं मला वाटलं.

"ठिणगी जाणारच नाही," त्या म्हणाल्या. आवाज फाटका लागत होता. "मुकी पोर घरी जाऊन करणार काय? घरी जो वाट बघत बसलाय त्याला दिसत नाही. ही दारात उभी राहील आणि त्याला कळणारसुद्धा नाही कोण आलंय. त्याने 'कोण आहे' म्हणून विचारलं तर ही काय सांगेल? त्यापेक्षा तिथेच बरी."

नात हळूच म्हणाली, "काकू, पुस्तकात तिच्या घरी न दिसणारं कुणी नाहीये."

डॉक्टरांनी उगाच चष्मा काढला आणि परत घातला.

"माझं राहिलंय," मास्तर म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ठिणगीने आवाज तिथेच ठेवून घरी यावं. घरच्यांना कळेल. चपला काढताना ती डावी आपटते आणि उजवी सावकाश ठेवते. कपाटाचं दार गुडघ्याने लावते. रागावली की भांडी घासताना नळ मोठा सोडते. हसू आवरत नसलं की नाकाने श्वास सोडते, फुस्स करून. एवढं सगळं घरभर ऐकू येत असताना तिने बोललंच पाहिजे, असं कोण म्हणालं?"

"अहो, पुस्तकातल्या मुलीचं चाललंय," बाई म्हणाल्या.

"मी पण तिचंच सांगतोय. पावसाळ्यापासून तिचा श्वास घोगरा लागतोय. झोपेत शीळ वाजते. मला दिसत नाही अगं, मी बहिरा नाही. आणि तुझा भाचा फोनवर कुजबुजतो ना, तेव्हा खाली रिक्षावाल्यांनाही कळतं."

बाईंनी तोंड उघडलं. काहीतरी बोलायचं होतं, भांडायचंच असावं. "हं," एवढंच आलं, आणि त्याच्यामागून काहीच आलं नाही. ओठ हलत होते, आवाज नाही. मास्तरांचा हात बाटलीकडे गेला.

आणि धुक्यातून कर्णा बोलला. सावकाश, स्वच्छ, बाईंच्या तरुणपणच्या आवाजात.

"गाडी उभी आहे. तू नीघ. इथे मी आहे."

मी खिडकीपाशी गेलो. खाली बाकांवरचं एकही माणूस उठलं नव्हतं. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. ती हाक त्यांच्यासाठी नव्हतीच.

बाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्यांनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात कुजबुजल्या. नातीने आम्हाला सांगितलं, "काकू म्हणतायत, मी माइकवर कुणाला कधी 'तू' म्हटलं नाही. 'मी'सुद्धा म्हटलं नाही. 'प्रवाशांनी' म्हणायचे. हे शब्द मी त्या खोलीत दिलेलेच नाहीत."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. भाचा दारात येऊन उभा, घामाघूम. "मी कशाला हात लावला नाही. शपथेवर सांगतो, मी चहा पीत होतो."

डॉक्टर उठले. एरवी सगळ्यात आधी टिंगल करणारा माणूस, पण पुस्तक हातात घेऊन ते गाठी तपासायला लागले. एकेक गाठ नखाने चाचपली. "माझ्याच आहेत," ते म्हणाले. "कुणी सोडलेल्या नाहीत." मग खिशातून छोटी कात्री काढून त्यांनी दोरा कापला. आम्ही सगळे तो कापला जाण्याचा आवाज ऐकत होतो. पुस्तक त्यांनी नातीकडे दिलं, कारण बाईंना आता वाचता येणार नव्हतं.

नातीने वाचायला सुरुवात केली. "ठिणगीने कंदिलाकडे पाहिलं. काच धुरकटली होती. आतून तिचाच आवाज आला, पण आता तो तिचा एकटीचा राहिलेला नव्हता. तो म्हणाला, गाडी उभी आहे. तू..."

ती थांबली. पुस्तक तिने माझ्याकडे वळवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी चष्मा लावून वाचलं. डॉक्टरांनी वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमाने.

"पुढे वाच," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मुलगी गाडीत चढली का, ते वाच."

नातीने वाचलं. चढली. घरी गेली. दारात उभी राहिली आणि हाक न मारता नुसती उंबऱ्यावर पाय वाजवून थांबली. आतून आई धावत आली. मागे ठाण्यावर कंदील जळत राहिला. आपल्या मुलांच्या पुस्तकांत असतो तसा गोड शेवट नव्हता, पण वाईटही नव्हता. डॉक्टर म्हणाले, दुसरा भाग पहिल्यापेक्षा बरा जमलाय, असं म्हणावं लागेल. यावर कुणी वाद घातला नाही.

बाई उठल्या. मास्तरांना हात दिला. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. डावी आपटत होती.

सोमवारी दोघं बरोबर दवाखान्यात गेले आणि बाईंनी होकार दिला.

डॉक्टर नंतर पुष्कळ दिवस म्हणत राहिले, कुणीतरी मस्करी केली, पुस्तक बाजारात होतं, ज्याने आधी वाचलं त्याने केली. भाच्याने यंत्रातला शब्दन् शब्द काढून ऐकला. त्यात 'तू' नाही आणि 'मी'ही नाही. मस्करी म्हणा, पण बाईंचा आवाज मस्करी करणाऱ्याने आणला कुठून, याला डॉक्टरांकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. माझ्याकडे फक्त विहीर आहे.

ऑपरेशन नीट झालं. बाई बऱ्या झाल्या, गळ्याला रुमाल बांधून हिंडायला लागल्या. घर आता गप्प असेल म्हणून मी जरा धसक्यानेच भेटायला गेलो. तर आतून मास्तरांचं हसणं. बाई त्यांच्या तळहातावर बोटाने चित्र काढत होत्या. दारात कोण आलंय ते सांगायचं चाललं होतं.

"हा काय आहे? ढग? नाही? मेंढी? अगं, जन्मभर चित्रकलेच्या मास्तराशी संसार केलास आणि साधा माणूस काढता येत नाही? थांब, चष्मा आहे. पिशवी आहे. खाली पडलेलं काय, कांदे? आजोबा आलेत होय! या, या."

आणि बाईंनी नाकाने श्वास सोडला, फुस्स करून. मास्तर जिंकल्यासारखे माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, बघत म्हणाले, "ऐकलंत?"

परवा आमचं मंडळ पुन्हा भरलं. तिसरा भाग यायचा आहे, तोवर नात दुसरंच काही वाचते आणि बाई तिच्या शेजारी बसून, ती चुकली की टेबलावर टिचकी मारतात. संपल्यावर आम्ही खाली फलाटाच्या बाकावर बसलो. धुकं उतरायला लागलं होतं. समोरची गाडी निम्मी दिसत होती. बाई आणि मास्तर हातात हात घेऊन बसले होते, आणि मी त्यांना शेळीची गोष्ट परत सांगत होतो.

तेवढ्यात वर कर्णा खरखरला. पण लगेच बोलला नाही. आधी एक बारीकसा आवाज आला. सगळ्यांना ऐकू आला, नातीलाही.

"हं."

भाच्याने हे सगळे कापून टाकले होते. एकेक करून.

मास्तरांचा हात सवयीने पिशवीत गेला, पाण्याची बाटली बाहेर आली. पुढे केली ती बाईंकडे नाही. वर केली, कर्ण्याकडे, धुक्यात, आणि तशीच धरून ठेवली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. त्यांनी मास्तरांचा हात खाली घेतला नाही. उलट, हात दमायला लागला तेव्हा खालून आपल्या हाताचा टेका दिला.

मग कर्ण्याने गाडी पुकारली. माझ्या नातीच्या गावची, आमचीच. नाव अगदी स्पष्ट घेतलं.